हिरीचा आवाज कुठं कुठं होता

झरीच्या पलीकडच्या पाड्यावर काळ्याचं नाव काढलं की लोक आधी विचारायचे, "कुठला काळ्या? हिरीचा का?" जगात नवऱ्याच्या नावावरून बायको ओळखतात. या घरात सगळं उलटं होतं. काळ्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. तो आपला मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हां, हिरीचाच."

हिरी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून जी बाई लग्न लावते तिला धवलेरी म्हणतात. तिथं मंगलाष्टकं नसतात. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्यासमोर ही बाई बसते आणि तासन्‌तास गाते. तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं, मग ब्रह्मदेव जरी आला तरी ते मोडत नाही. तलासरीपासून खाली डहाणूपर्यंत किती संसार हिरीने उभे करून दिले त्याची गणती तिलाही नव्हती. लोक न्यायला यायचे, ती निघायची आणि तिच्या मागून काळ्या. पूर्वी सायकलवर डबलसीट, पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर मिळेल त्या टेम्पोने.

लग्नघरी पोचलं की ती आत जायची आणि हा बाहेर बसायचा. आत बायकांचं राज्य. बाहेर पुरुष, ताडीची मडकी, पावसापाण्याच्या गप्पा. गाणं आतून ऐकू यायचं, पण ते ऐकायला कोण बसतं? घरातल्या चुलीचा धूर कोणी हुंगत बसतं का? काळ्याने तरी कधी कान दिला नाही. पहाटे ती घसा बसवून बाहेर आली की हा गूळ घातलेलं गरम पाणी तिच्या हातात द्यायचा. तेवढं मात्र त्याने आयुष्यभर न चुकता केलं.

बाकी माणूस म्हणाल तर नाकासमोर चालणारा, इतका की कधी कधी त्याचा रागच यावा. वरोरच्या बाजूला दौलतरावांची चिकूवाडी होती, तिथं तो हंगामाला कामाला असायचा. एकदा त्याच्या वजनाने फळांनी लगडलेली फांदी मोडली. कोणी पाहिलं नव्हतं. आदल्या रात्री वारा होता, वाऱ्यावर ढकललं असतं तर कोण तपासायला बसलं होतं? हा शहाणा स्वतः दौलतरावांच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. "फांदी मी मोडली," म्हणाला. मालकाने शिव्या घालून हाकलून दिलं आणि पुढच्या हंगामाला माणूस पाठवून परत बोलावून घेतलं. असा गडी पुन्हा सापडणार कुठे? पाड्यावरच्या बायका हिरीला चिडवायच्या, "तुझ्या नवऱ्याच्या पोटात काय राहतं गं? भाकरी तरी राहते का?" हिरी हसायची. तिला मनातून त्याचा अभिमान होता, पण हे तिने त्याला कधी कळू दिलं नाही. बायकांना तेवढी अक्कल असते.

या दोघांची एकुलती एक जगलेली पोर म्हणजे पुष्पा. आश्रमशाळेत शिकली, पुढे तलासरीला कॉलेज, मग एम. ए. पाड्यावरची एवढी शिकलेली ती पहिलीच. शिकता शिकता डहाणू रोडला मसोलीत मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला लागली. तिथल्या मनिषच्या टायपिंगच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची आणि उरलेला अर्धा दिवस एम. फिल. तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक होत्या विनिता मॅडम. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाडीवाल्या घरातल्या, हुशार आणि मनाने चांगल्या. त्यांनी पुष्पाला विचारलं, "कशावर लिहिणार?" पुष्पा म्हणाली, "धवलेरीच्या गाण्यांवर." मॅडमना आनंद झाला. "मग एखादी धवलेरी शोधावी लागेल," त्या म्हणाल्या. पुष्पाने हसून सांगितलं, "शोधायला कशाला जायचं, घरात भांडी घासतेय."

पण घरातलीच असली तरी हिरी काही सरळ बधली नाही. पोरीने मोबाइल समोर धरला आणि म्हणाली, "आया, गा." हिरी म्हणाली, "नवरा कुठं हाय? नवरी कुठं हाय? कोणाचं लगीन लावू, तुझ्या मोबाइलचं?" नवरानवरी समोर नसताना ते गाणं तोंडातून काढायचं नाही, हा नियम. शेवटी पुष्पाच आईच्या मागून लग्नालग्नांना हिंडायला लागली. २०१५ आणि १६ चे दोन हंगाम तिने चौकासमोर बसून काढले. मोबाइल मांडीवर, वही बाजूला. हिरी गायची, पोर भरून घ्यायची. म्हणजे आता लग्नाला निघताना पुढे हिरी, मागे पुष्पा आणि त्याच्या मागे काळ्या, अशी वरातच निघायची.

पहिल्यांदा मोबाइलमधून स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा हिरी चपापली. "ही कोण म्हातारी?" म्हणाली. मग तिला चटकच लागली. "लाव की गं परत," म्हणून पोरीच्या मागे लागायची. काळ्याला मात्र ते रुचलं नाही. बायको चुलीपुढे बसलेली आणि तिचा आवाज पलीकडे खाटेवरून येतोय, हे काय भलतंच? तो उठून अंगणात जायचा. पुष्पाने त्याला नखाएवढं एक काळं कार्ड काढून दाखवलं होतं. "बा, आयेची सगळी गाणी यात हायत." काळ्याने ते हातात घ्यायचं टाळलं होतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, हिरी तापाने पडली. दवाखाना झाला, सलाइन झालं, थोडी उठून बसली आणि परत आडवी झाली. पुष्पा धावत आली. आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तशीच मांडीवर हिरी गेली. काळ्या दारात उभा होता. त्याला आत यायचं सुचलं नाही. लोकांनी त्याला हाताला धरून आत आणलं.

त्यांच्या पाड्याची एक रीत आहे. गेलेल्याचं गेलेल्याबरोबर द्यायचं. बाईची फणी, गळ्यातल्या मण्यांच्या माळा, तंबाखूची पिशवी, जे जे तिच्या अंगाखांद्यावर वावरलं ते तिच्याबरोबर जायला हवं. काही मागे राहिलं तर माणूस पुढे जात नाही, वाटेत थांबतं आणि आपलं राहिलेलं शोधत बसतं. बायकांनी सगळं गोळा केलं. काळ्या घरभर फिरून बघत होता, काही राहिलं तर नाही ना. फणी दिली, माळा दिल्या, गूळपाण्याचा पेलासुद्धा दिला. आणि मग त्याला आठवलं. जी गोष्ट सगळ्यात जास्त हिरीची होती ती तर पोरीच्या मोबाइलमध्ये होती.

पुष्पा रडून रडून कोपऱ्यात पडली होती. मोबाइल तिच्या उशाशी होता. पोरीने उघडून दाखवलं होतं तसं काळ्याने त्याचं झाकण उघडलं, ते नखाएवढं कार्ड काढलं आणि हिरीच्या पदराच्या टोकात गाठ मारून बांधलं. घट्ट बांधलं, वाटेत पडू नये म्हणून. तेवढं केलं आणि त्याच्या जिवाला बरं वाटलं. हिरी गेली, आणि तिच्याबरोबर तेही जळून गेलं.

आता हे काम दुसऱ्या कोणी केलं असतं तर तोंड शिवून बसला असता. पण काळ्या तो काळ्याच. दिवसकार्य उरकल्यावर त्याने आपण होऊन पोरीला सांगितलं. "ते कार्ड मी तिच्याबरोबर दिलं. तुला विचाराय पायजे होतं, पण तू पडली होतीस."

त्याला वाटलं पोर आता आकांत करील. पण पुष्पा म्हणाली, "दिलंस तर दिलंस. बा, त्याची कॉपी हाय."

"कॉपी म्हणजे?"

"म्हणजे तसंच आणखी एक. मनिषच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये हाय. माझ्या पेनड्राइव्हमध्ये हाय. एक मॅडमकडे हाय."

काळ्याने बोटं मोजली. "किती ठिकाणी ठेवलीस गं तुझ्या आयेला?"

पुष्पाने त्याला समजवायला घेतलं आणि समजवता समजवता जास्तच बिघडवलं. तिने सांगितलं, आता प्रबंध विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात जमा करायचाय. संग्रह म्हणजे मोठं कोठार, पण इंटरनेटवरचं. सगळ्या मुलांचे प्रबंध तिथं ठेवतात. आपला प्रबंध जाईल आणि त्याच्या जोडीला आयेची गाणीपण जातील. मग कोणीपण, कुठूनपण, मुंबईतून, परदेशातून तिचा आवाज ऐकेल. आणि कायमचा राहील तो, बा, कधीच जाणार नाही. तिला वाटलं, बापाला याचा आनंद होईल.

कधीच जाणार नाही. म्हणजे हिरी पोचणारच नाही. तो मॅडमचा कॉम्प्युटर, तो पेनड्राइव्ह, ते कोठार, सगळीकडे तिचं थोडं थोडं अडकलेलं, आणि ती बिचारी वाटेत उभी. आयुष्यभर लोकांच्या दारी फिरली, आता मेल्यावरही तेच? तुम्ही हसाल. शिकलेल्या माणसाला हसायला काय जातं? पण त्या माणसाला भाकरी गिळेना. तो शुक्रा भगताकडे गेला. शुक्रा म्हणाला, "बाबा, कार्डाचं मला काय ठाव नाय. पण जे तिचं हाय ते मागं ठेवू नको." एवढं पुरे झालं.

त्या पावसाळ्यात बापलेकीचं कधी नव्हे ते भांडण झालं. पुष्पा म्हणाली, "आयेने स्वतःच्या खुशीने दिलंय. तिला आवडायचं ऐकायला. तूच तर अंगणात पळायचास." काळ्या म्हणाला, "जिवंत होती तवर दिलं. आता तिचं तिला लागंल का नाय?" पुष्पा म्हणाली, "बा, दोन वर्षांची मेहनत हाय माझी." तो म्हणाला, "व्हय, हाय खरी," आणि उठून गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर पोरीला सोपं गेलं असतं. तो नुसता दिवसेंदिवस वाळत चालला होता. शेजारचा काकड्या मसोलीला आला तेव्हा त्याने सांगितलं, "तुझा बाप जेवत नाय धड." पुष्पाचा जीव कात्रीत सापडला. आई तर गेलीच होती. आता बापालाही घालवायचं का?

प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस आला. दुकान उघडायच्या आधीच काळ्या पायरीवर येऊन बसला होता. पाड्यावरून पहाटेच निघाला असणार. तिने विचारलं, "कशाला आलास?" तो म्हणाला, "आलो आपला." पुष्पाने कॉम्प्युटर चालू केला. मनिष भला माणूस, त्याने काळ्याला स्टूल दिलं, चहा मागवला. चहा तसाच निवत राहिला.

पडद्यावर संग्रहाचं पान उघडलं. प्रबंधाचं नाव, विद्यार्थिनीचं नाव, मार्गदर्शकाचं नाव. पुष्पाने एकेक भरलं. मग खाली दोन जागा होत्या. एक प्रबंधासाठी. दुसरी जोडायच्या ध्वनिफितींसाठी. पहिल्या जागेत तिने प्रबंध चढवला. हळूहळू निळी पट्टी पुढे सरकली आणि पुरी झाली. दुसरी जागा रिकामीच होती. पुष्पाचा हात माउसवर तसाच राहिला. मागे बाप बसला होता.

तिने मॅडमना फोन लावला. "मॅडम, गाणी नाही जोडली तर चालेल का?"

मॅडम आधी चिडल्या. मग शांतपणे बोलल्या, आणि काय चुकीचं बोलल्या? म्हणाल्या, "पुष्पा, शब्द तू लिहून काढलेस. पण चाल कशी लिहिणार? तुझ्या आईसारखं गाणाऱ्या आता किती उरल्या? तुझ्या वडिलांना सांग, हा आवाज शंभर वर्षांनीही राहील."

फोन स्पीकरवर होता. काळ्याने ऐकलं. तो पुढे वाकून, फोनशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तेच तर नको ना. तिला जाऊ द्या."

मग मॅडम म्हणाल्या, "पुष्पा, आई तुझी आहे. तू ठरव."

पुष्पाने ठरवलं. दुसरी जागा तशीच रिकामी ठेवून तिने प्रबंध जमा केला. एकदा जमा झाला की त्यात काही घालता येत नाही, काढता येत नाही, तसं तिथं लिहिलेलंच होतं. मग बापाला जवळ बोलावून त्याच्यासमोर तिने कॉम्प्युटरमधली गाणी पुसली. पडद्यावर विचारणा आली, नक्की पुसायचं का? तिने हो म्हटलं. पेनड्राइव्हचंही तेच केलं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, त्यांनीही आपल्याकडचं काढून टाकलं होतं.

त्या दिवशी पुष्पाने बापाला खोलीवर नेऊन जेवू घातलं. डाळ, भात, सुक्या बोंबलाची चटणी. काळ्या पोटभर जेवला, मागून भात घेतला. "आता ती पोचली असंल," म्हणाला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटच्या गाडीने परत गेला. तोंडी परीक्षेत पुष्पाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच, गाण्यांच्या ध्वनिफिती कुठे आहेत म्हणून. "नाहीत," एवढंच तिने सांगितलं. ती पास झाली. तिने ठरवलं होतं तेवढ्या नावाजण्याने नाही, पण झाली.

काळ्याची गाडी मग रुळावर आली. चिकूचा हंगाम, भाताचं काम, घरच्या चार कोंबड्या. एकट्या माणसाचे दिवस जसे जातात तसे जात होते. हिरीची आठवण यायची, पण तिची काळजी वाटत नव्हती. ती पोचली होती ना, मग झालं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. २०१९ च्या उन्हाळ्यात पाड्यावर हाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. हिरी गेल्यापासून पाड्यावरचं हे पहिलंच. लग्न लावायला धाकली नावाची धवलेरी आली होती. तरुण बाई, हिरीच्या मागे बसून शिकलेली. काळ्या सवयीने बाहेर जाऊन बसला. ताडीचं मडकं फिरत होतं. आतून धाकलीने गाणं सुरू केलं आणि काळ्याच्या हातातला पेला हातातच राहिला.

शब्द तेच होते. तेच असणार, हिरीनेच शिकवलेले. पण हे हिरीचं नव्हतं. काहीतरी वेगळं होतं. काळ्याला वाटलं, हिरी इथं अशी नाही म्हणायची, तशी म्हणायची. तशी म्हणजे कशी? त्याने आठवून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. हिरीची बोटं आठवली, कपाळावरचं गोंदण आठवलं, ती काय काय बोलायची ते शब्दन्‌शब्द आठवलं. आवाज येईना. जाड होता? बारीक होता? वर चढताना चिरकायचा का? एवढी वर्षं तो त्याच्या कानांवर पडला होता आणि त्याने एकदाही नीट ऐकला नव्हता. तो आपला ताडी पीत बसला होता. त्याने शेजारी बसलेल्या काकड्याला विचारलं, "आमच्या हिरीचा आवाज कसा होता रे?"

काकड्या म्हणाला, "चांगला होता. मोठा होता."

"मोठा तर हिचापण हाय."

"मग तसाच होता," काकड्या म्हणाला आणि पेला पुढे केला.

काळ्या उठून घरी आला. त्यानंतर कामात असला तरी त्याचे कान दुसरीकडेच असायचे. चुलीपुढे बसायचा आणि वाट बघायचा, आता आठवेल, मग आठवेल. माणूस आठवावं म्हणून जेवढा जोर करतो तेवढं ते लांब पळतं. त्याला कधी नव्हे ती हिरीवाचून भीती वाटायला लागली. ती पोचली, चांगलं झालं, पण मग त्याच्याकडे काय उरलं? काप गेले आणि भोकं राहिली.

आणि मग त्याच्या मनात एक गोष्ट आली. इतके दिवस ज्याच्या पोटात भाकरी सोडून काही राहिलं नाही, त्या माणसाच्या मनात आलं की पोरीने आपल्याला फसवलं असावं. शिकलेली आहे, हुशार आहे. बापाला दाखवायला एक पुसलं असेल आणि दुसरं कुठेतरी लपवून ठेवलं असेल. या मशीनमध्ये काय, किती ठिकाणी ठेवता येतं. पोर खोटं बोलली असेल. असलीच पाहिजे. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की सकाळी उठून अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो मसोलीला निघाला.

पुष्पा आता तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागली होती आणि संध्याकाळचं मनिषचं दुकानही सांभाळत होती. बाप दारात दिसला तशी ती घाबरलीच. "काय झालं, बा?"

"काय नाय. आलो आपला." तो स्टुलावर बसला. इकडचं तिकडचं बोलला. हाल्याच्या पोरीचं लग्न, कोंबड्या, पाऊस. मग कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "ते आयेचं सगळं तू पुसलं होतंस ना, तेव्हा?"

पुष्पाला वाटलं, परत काहीतरी झालं. कोणी भगताने परत डोक्यात भरवलं असेल. ती घाईघाईने म्हणाली, "हो बा, सगळं. तू समोरच होतास ना."

"सगळं म्हणजे, मॅडमकडचंपण?"

"त्यांचंपण. मी स्वतः जाऊन बघून आले त्यांच्याकडे. तू अजिबात काळजी करू नकोस."

काळ्याने मान हलवली. मग म्हणाला, "एखादं चुकून राहिलं असंल. मशीन हाय, राहतं कधी कधी. राहिलं असंल तर मी काय बोलणार नाय तुला."

"नाही राहिलं, बा. शप्पथ. एकपण नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं," पुष्पा म्हणाली. बापाला धीर द्यावा म्हणून तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तेव्हा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आपण धीर देतोय आणि हा माणूस आपल्यासमोर एकेका शब्दाने खचत चाललाय, हे तिला दिसलं. मग तिला कळलं की तो कशाला आलाय.

मग तिने संग्रहाचं पान उघडलं, आपला प्रबंध काढला आणि म्हणाली, "हे बघ, आयेचं गाणं इथं हाय. शब्द हायत सगळे." तिने वाचून दाखवायला सुरुवात केली. शाळेत कविता वाचतात तसं ती वाचत होती, तिला दुसरं येत नव्हतं. काळ्या पहिल्या दोन ओळी ऐकून म्हणाला, "असं नाय गं म्हणायची ती."

"मग कसं?"

त्याला सांगता येईना. पुष्पाने डोळे पुसले. म्हणाली, "बा, तुला खरं सांगू? मी एक ठेवलं होतं. तुझ्यासमोर पुसलं ते सोडून आणखी एक होतं माझ्याकडे, मोबाइलमध्ये उतरवून घेतलेलं. मुद्दाम ठेवलं होतं. तुला कधी कळलं नसतं."

काळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मग तू खोलीवर आलास. पोटभर जेवलास. एवढ्या महिन्यांनी तुला तसं जेवताना बघितलं. आता ती पोचली असंल म्हणालास आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तू गेल्यावर मला ते ठेववेना, बा. मी पुसून टाकलं."

दुकानात कोणी नव्हतं. बाहेर रस्त्यावर एका टेम्पोवाल्याचं कोणाशी तरी गुजरातीत भांडण चाललं होतं. पडद्यावर गाण्याच्या ओळी तशाच होत्या, सुबक, एकाखाली एक. काळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने पुष्पाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंस."

ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते कळत होतं.